टायर पक्का, तार कच्ची

जानेवारी २०२५ मध्ये ‘असेतो कोर्सा ईव्हो’ अपूर्णावस्थेतच विक्रीला आला. २० गाड्या, ५ ट्रॅक, लेसरने मोजलेला रस्त्याचा प्रत्येक उंचवटा, काचेवरून ओघळणारा पाऊस असे सारे त्यात होते. नव्हता तो फक्त दुसरा माणूस. इतरांशी ऑनलाइन शर्यत लावण्याची सोय पुढे कधीतरी होणार होती. पंगत मांडली, पाने वाढली आणि जेवायला यजमान एकटाच, असा हा प्रकार. तरीही पहिल्या परीक्षणांत चर्चा रंगली ती प्रकाशाची आणि टायरची. वास्तवदर्शी मोटार-शर्यतीच्या खेळांचे आजचे दुखणे नेमके येथे आहे.

टायरचे कौतुक अस्थानी नाही. १९९८ च्या ‘ग्रां प्री लेजेंड्स’ने १९६७ च्या, पंख नसलेल्या फॉर्म्युला वन गाड्या संगणकावर आणल्या, तेव्हापासून या कलेचा कस रबराच्या गणितावर लागत आला. डेल्फ्टच्या हान्स पासेयका यांचे सूत्र मोजलेल्या आकड्यांवरून टायरची पकड सांगते. नंतरच्या रचना रबराचे तापमान, झीज आणि पोटातली लवचीकताही हिशेबात धरतात. याचे फळ हाताला कळते. वळणात गाडी जास्त वेगाने घातली, की पुढची चाके पूर्ण घसरण्याच्या जरा आधीच स्टिअरिंग हलके पडते. जातं दाणा संपल्यावर हलके फिरू लागते, तसे. मुरलेला खेळाडू त्या हलकेपणावरच हात सैल करतो. हे साधलेले खेळ चार-पाच, आणि त्यांच्यातला फरक आता इतका बारीक आहे की त्यावरचे वाद गवयांपेक्षा श्रोत्यांनीच जास्त घालावेत.

बाकीच्या नावाजलेल्या खेळांपैकी ‘फोर्झा’ ही देखणी मोटारविक्रीची पेढी आहे. ‘ग्रान तुरिस्मो ७’ हे संग्रहालय; मार्च २०२२ मध्ये त्याचे सर्व्हर दिवसभराहून अधिक काळ बंद पडले, तेव्हा घरात एकट्याने खेळणाऱ्यालाही संग्रहालयाला टाळे दिसले. फॉर्म्युला वनचा वार्षिक खेळ दिनदर्शिकेसारखा विकत घ्यावा आणि तसाच टाकून द्यावा.

खरा प्रश्न तारेचा, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीचा, आहे. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. कुर्डुवाडीच्या खोलीत टेबलाला व्हील आवळून, पेडल फरशीवर सरकू नयेत म्हणून मागे पाटा टेकवून बसलेल्या खेळाडूची गाडी जर्मनीतल्या सर्व्हरमार्गे प्रतिस्पर्ध्याच्या पडद्यावर पोचायला सेकंदाचा दहावा-आठवा भाग सहज जातो. तेवढ्यात गाडी ५-६ मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीहून जास्त, पुढे गेलेली असते. ही फट बुजवायला संगणक अंदाज बांधतो: शेवटचा ठावठिकाणा, वेग आणि दिशा धरून दुसरी गाडी आत्ता कुठे असेल ते दाखवतो. सरळ रस्त्यावर अंदाज खरा ठरतो. ब्रेक दाबायच्या जागी तो हमखास चुकतो, आणि ओव्हरटेक होते ते तिथेच. दोघांमध्ये हातभर अंतर दिसत असताना धडक बसते. टायरचे गणित शंभरपट सुधारले तरी ही धडक टळत नाही.

त्यावर ‘आयरेसिंग’चा न्याय पाहावा. २००८ पासून चाललेल्या या सेवेत मासिक वर्गणी आहे, गाड्या आणि ट्रॅकही बहुतेक वेगळे विकत घ्यावे लागतात. बरोबरीच्या खेळाडूंची गाठ घालून देण्यात तिचा हात कोणी धरत नाही, हे मान्य. पण धडक झाली की चूक कोणाची हे यंत्र पाहत नाही. जोरदार धडकेचे ४ दोषगुण दोघांच्याही खात्यावर चढतात. तत्त्व म्हणून हे पटण्यासारखे आहे, कारण त्याने सगळेच जपून चालवतात. मात्र धडक तारेने घडवली असेल, तर दंड भूगोलाला होतो. आणि सर्व्हर कंपनीचेच असल्याने आपला सर्व्हर हवा तिथे उभारणे खेळणाऱ्यांच्या हाती नाही.

याच्या उलट परंपरा ‘लाइव्ह फॉर स्पीड’ची. तिघांनी मिळून २००३ मध्ये बाजारात आणलेला हा खेळ जुन्या संगणकावरही चालतो, एक ट्रॅक आणि मोजक्या गाड्या फुकट देतो, आणि सर्व्हर ज्याचा त्याला उभारू देतो. पुणे-सोलापूरच्या दहा जणांनी मुंबईत भाड्याने यंत्र घेतले, की फट युरोपच्या मानाने कितीतरी आक्रसते. मूळ ‘असेतो कोर्सा’ आणि ‘आरफॅक्टर’ यांनीही ही मुभा ठेवली होती. ते टिकले यात तिचा वाटा मोठा. ‘लाइव्ह फॉर स्पीड’मध्येही टायरवेड आहेच: फोक्सवॅगनची शिरॉको गाडी जाहीर झाली आणि टायरचे गणित पुन्हा मांडण्यापायी वर्षानुवर्षे रखडली. शर्यती मात्र त्यावाचून अडल्या नाहीत. रात्री बारालाही कुठेतरी कोणीतरी सुरुवातीच्या रेषेवर उभे असते.

तारेची तक्रार ही गरिबाची कुरकुर आहे, असे युरोपातल्या परीक्षकांना वाटत असेल, तर जानेवारी २०२३ ची ऑनलाइन ल मां शर्यत आठवावी. सर्व्हरच्या बिघाडाने ती दोनदा थांबवावी लागली, आघाडीवर असलेल्या मॅक्स वर्स्टापेनचा संपर्क तुटला आणि शेवटी तो संतापून बाहेर पडला. फॉर्म्युला वनच्या विश्वविजेत्याची ही गत, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळणाऱ्याची काय कथा.

अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉपने बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ मध्ये याच कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडवरून, सुरू केली तेव्हा हिशेब उलट्या टोकापासून मांडला होता. रूळ हलके, म्हणून कोणत्याही आसावर ५ टनांहून जास्त भार पडणार नाही, हे आधी ठरले. इंजिनाचा भार अनेक आसांवर वाटला तो त्यानंतर. रूळ सोसेल तेवढेच इंजिन. आजचे निर्माते इंजिन ओततात आणि रूळ गिऱ्हाइकाने आणावेत अशी अपेक्षा ठेवतात. परीक्षकही नवा खेळ झटपट तारेवर, सर्व्हरच्या शेजारी बसून तपासतात आणि गुण देतात. तोच खेळ त्यांनी एकदा दीडशे मिलिसेकंदांच्या विलंबावर, वीस गाड्यांच्या गर्दीत, पहिल्या वळणावर तपासावा. टायरवरचे परिच्छेद मग आपोआप आखडतील.