वीराच्या वेषातला सोंगाड्या

वर्गात ‘गप्प बसा’ म्हणण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्या मास्तराला एक वाचाळ नायक आवडावा, हे कबूल करताना थोडा संकोच होतो. पण दिवाळी अंकात खोटे कशाला बोलावे? २०१६ साली आलेला ‘डेडपूल’ हा अमेरिकन चित्रपट मला आवडला.

तो मुलांसाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. रक्तपात, शिव्या आणि उघडावाघडा शृंगार यांची त्यात रेलचेल आहे. खुद्द अमेरिकेतही सतरा वर्षांखालच्या मुलांना वडीलधारे माणूस बरोबर असल्याखेरीज तो पाहण्याची मुभा नव्हती.

हे पात्र मार्व्हलच्या चित्रकथांत १९९१ साली अवतरले. बडबड हाच त्याचा पिंड. असे असता २००९ सालच्या वुल्व्हरीनवरील चित्रपटात त्याचे तोंडच शिवून टाकण्यात आले! चाहते चिडले. त्यातला नट रायन रेनल्ड्स याने मात्र पिच्छा सोडला नाही. नमुन्यादाखल तयार केलेली एक छोटी फीत २०१४ साली बाहेर फुटली, लोकांनी ती डोक्यावर घेतली, तेव्हा कुठे चित्रसंस्थेला धीर आला. सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर्स खर्चून टिम मिलर याने केलेल्या या चित्रपटाने जगभरातून ७८ कोटींच्या आसपास डॉलर्स मिळवले.

लोक शिव्यांसाठी गेले, असे म्हणणे सोपे आहे. पण शिव्या फुकट ऐकायला मिळतात. त्यासाठी कोणी तिकीट काढीत नाही. लोकांना भुलवले ते त्याच्या बोलण्याच्या तऱ्हेने. ऐन मारामारीत तो थांबतो, आपल्याकडे वळतो आणि स्वतःच्याच चित्रपटाची टवाळी करतो. आरंभीच्या श्रेयनामावलीत नटांची नावे नाहीतच, त्यांची खिल्ली आहे! समीक्षकांना याचे फार नवल वाटले. तमाशा पाहिलेल्या माणसाला ते वाटू नये. आपला सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा राहून समोरच्या मंडळींशी असाच बोलत आला आहे. नवे एवढेच, की इथे सोंगाड्यालाच राजाची भूमिका मिळाली.

आणि या सोंगाड्याला दुःख आहे. वेड विल्सनला कर्करोग होतो. बरे होण्याच्या आशेने तो एका अघोरी प्रयोगाला देह देतो. जीव वाचतो, पण चेहरा विद्रूप होतो. आणि जिच्यावर प्रेम आहे त्या व्हॅनेसासमोर जाण्याची त्याला हिंमत होत नाही. एरवी सारे बोलणारा हा माणूस तेवढेच बोलू शकत नाही.

इथे मला माझे थोरले बंधू आठवले. ते याच दुखण्याने गेले. अखेरच्या दिवसांत समाचाराला आलेल्यांना ते गळलेल्या केसांवरून हसवीत. ‘न्हाव्याचे पैसे वाचले’ म्हणत. मला तो थिल्लरपणा वाटे. ‘दादा, आता पुरे’ म्हणून मी त्यांना गप्प करी. एकटे असताना ते हसत नसत, हे वहिनींनी मला फार मागाहून सांगितले.

चित्रपटात कोलॉसस नावाचा एक पोलादी सज्जन आहे. शत्रू गुडघ्यावर आलेला असताना तो डेडपूलला क्षमेवर व्याख्यान देतो. ते संपण्यापूर्वीच डेडपूल गोळी झाडून मोकळा होतो. सारे प्रेक्षागृह हसले. मीही हसलो, आणि मग ओशाळलो. कारण त्या व्याख्यात्यात मी मला पाहिले.

तरीही एक उणीव सांगितली पाहिजे. बोलण्याच्या सगळ्या मर्यादा मोडणारा हा चित्रपट कथेची एकही मर्यादा मोडीत नाही. खलनायक नायिकेला पळवतो, नायक तिला सोडवतो. हा मार्ग आपल्या आजोबांनाही पाठ होता. व्हॅनेसा फार वेळ बांधलेलीच राहते. चेष्टा करून दोष झाकता येतो, काढता येत नाही.

मात्र शेवटी ती त्याचा चेहरा पाहते, क्षणभर दचकते, आणि मग हसून त्याला स्वीकारते, तो प्रसंग खरा उतरला आहे. त्याच्या विनोदाला विनोदानेच उत्तर देणारे माणूस त्याला भेटते. दादांना मी ते दिले नाही.

मुले मोठी झालेल्या घरांत वडीलधाऱ्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा. फराळाचे ताट पुढ्यात असताना मात्र नको.