दिंडोशी ते आळंदी : वाट आखणाऱ्याने वारीची पुस्तके कशी वाचावीत?



आषाढीला तीन आठवड्यांची रजा मिळत नाही, म्हणून मुंबईच्या उपनगरांतील पुष्कळ वारकऱ्यांचे मन कार्तिक वद्य एकादशीच्या आळंदीकडे धावते. पाऊस थांबलेला असतो, कोकणातली भातकापणी आटोपत आलेली असते आणि माउलींचा समाधी सोहळा जवळ आलेला असतो. दिंडोशीच्या नागरी निवाऱ्यात किंवा आसपासच्या वस्तीत राहणारे पंधरा-वीस भजनकरी ‘यंदा घरातूनच पायी निघू’ असे म्हणत असतील, तर त्यांनी आधी काय वाचावे? आपल्याकडे वारीवर लिहिलेले कमी नाही. पण कमी वर्दळीची वाट आखणाऱ्याला त्यातले किती उपयोगी पडते, हे तपासायला हवे.

त्यासाठी दोनच लिखाणे घेऊ. एक, इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख. तो ‘परिपूर्ती’ या १९४९ च्या संग्रहात आहे. दुसरे, दि. बा. मोकाशी यांचे १९६४ चे ‘पालखी’. दोघेही माउलींच्या पालखीबरोबर चालले. दोघेही संप्रदायात वाढलेले नव्हते, म्हणून आपल्याला रोजच्या वाटणाऱ्या गोष्टी त्यांना नव्याने दिसल्या.

कर्वे समाजशास्त्राच्या अभ्यासक. त्यांचा लेख लहान आहे, पण त्याने एक मोठी गोष्ट सांगितली : जेथले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. हे वाक्य आपण कीर्तनात, भाषणात अभिमानाने सांगतो. त्याच लेखातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. ब्राह्मणांची दिंडी वेगळी, मराठ्यांची वेगळी; वाटेने एकच नाम घेणारी माणसे जेवायला बसली की पंगती वेगळ्या. त्यांना याचे दुःख झाले आणि त्यांनी ते स्पष्ट लिहिले. एकत्र चालायचे, एकत्र गायचे, ते काय फक्त परलोकात एक होण्यासाठी, असा त्यांचा प्रश्न आहे. स्तुती आणि प्रश्न हे एकाच लेखाचे दोन पाय आहेत. आपण एका पायावर तो लेख उभा करतो, हे त्याच्यावर अन्याय करणारे वाचन आहे.

मोकाशींची रीत वेगळी. ते कथाकार. ते माणसाजवळ जातात, बोलतात, ऐकतात आणि पुन्हा स्वतःकडे वळतात. ही माणसे कशासाठी चालतात, हा त्यांचा प्रश्न; आणि आपल्याला त्यांच्यासारखे चालता येईल का, ही त्यांची हुरहुर. भक्तीचे सोंग न आणता त्यांनी जे लिहिले, ते वारकऱ्याला लागू शकते, पण खोटे वाटत नाही. बरोबर चालणाऱ्याचे ऐकावे कसे, हे शिकायला ‘पालखी’सारखे दुसरे पुस्तक क्वचितच मिळेल.

आता उणीव पाहू. दोन्ही लेखनांत चालणारा माणूस एका तयार व्यवस्थेत शिरतो. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची परंपरा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. दिंड्यांचे क्रमांक, मुक्कामाची गावे, विसाव्याच्या जागा, अन्न देणारी घरे हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. त्यामुळे वाट आणि मुक्कामाची गावे लेखकाला स्वतः ठरवावी लागत नाहीत. यात लेखकांचा दोष नाही, कारण ते मोठ्या वाटेवर होते. पण ही पुस्तके वाचून दिंडोशीहून निघणाऱ्याला वाटेल की भाव असला की वाट आपोआप सापडते. लहान वाटेवर तसे होत नाही.

आळंदी-पंढरपूरच्या अडीचशे किलोमीटरांच्या मानाने दिंडोशी-आळंदी हे दीडशेच्या आसपासचे अंतर लहान दिसते. तरी वाट कोठून जाते ते पाहा. आरेतून पवई, तेथून कांजूर, ऐरोलीचा पूल, ठाणे-बेलापूर रस्ता, पनवेल, चौक, खोपोली. मग बोरघाट, लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव. आरेत बिबट्यांचा वावर आहे, म्हणून तेथे उजाडल्यावरच शिरावे. द्रुतगती मार्गावर पायी जायला बंदी आहे, म्हणून जुना रस्ता धरावा लागतो. घाटात काही अंतर हे दोन्ही रस्ते एकमेकांत मिसळतात. तेवढे अंतर दिंडीने कसे पार करायचे, हे महामार्ग पोलिसांना विचारून ठरवल्याशिवाय निघण्याची तारीख जाहीर करू नये. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दिंडीत वाहन घुसून वारकरी दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. पुढे आणि मागे पताका, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे, मागून सावकाश येणारी एक गाडी, ही व्यवस्था टाळ-मृदंगाइतकीच आवश्यक समजावी.

रोज सोळा-सतरा किलोमीटर धरले तर नऊ मुक्काम होतात. त्या नऊ गावी दिवाळीआधीच एकदा जाऊन यावे. शाळा, देऊळ किंवा समाजमंदिर मिळेल का, पाणी कोठे, स्त्रियांसाठी शौचालय आणि दार लागणारी खोली आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. कर्वे यांच्या लेखात बायांची माया आणि सोबत भरपूर आहे. पण आज वीसजणांच्या दिंडीत सहा बाया असतील, तर त्यांची सोय त्या मायेवर सोडता येणार नाही.

ही वाट रुक्ष नाही. बोरघाटात शिंगरोबाचे ठाणे आहे; इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून लोक त्याला मानतात. कार्ल्याची लेणी सांगतात की या घाटवाटेने दोन हजार वर्षांपासून माणसे जात-येत आहेत. तळेगावानंतर महामार्ग सोडून इंदोरीकडे वळले की भंडारा डोंगर लागतो, जेथे तुकोबा चिंतनाला बसत. जवळच सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले घेतले जाते. तेथे माथा टेकून देहू आणि मग आळंदी. मोठ्या पालखीबरोबर चालणाऱ्याला ही ठिकाणे वाटेत भेटत नाहीत.

मोठ्या सोहळ्याकडून एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलावी. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तेथे जाऊन ऐकतात. वीसजणांतही रोज रात्री असे पाच मिनिटांचे ऐकणे ठेवा. कोणाच्या पायाला फोड आला, कोणाला घरची काळजी लागली, कोण कोणावर रुसले, हे त्याच रात्री कळले तर दिंडी घाटात फुटणार नाही.

आणि शेवटी पंगत. दिंडोशीसारख्या वस्तीत कोकणातले, घाटावरचे, मराठवाड्यातले, सर्व जातींचे लोक शेजारी राहतात. दिंडी आखताना ‘आमच्या गाववाल्यांची चूल वेगळी असू द्या’ अशी सूचना हमखास येते. ती सोयीची म्हणून मांडली जाते आणि म्हणूनच नाकारायला अवघड असते. मोठ्या सोहळ्यात शेकडो दिंड्या आहेत, शेकडो चुली आहेत. तेथे कर्वे यांच्या प्रश्नाला एका दिवसात उत्तर देणे कोणाच्या हाती नाही. वीस माणसांच्या दिंडीला ते पहिल्याच मुक्कामी देता येते. एक चूल, एक पंगत, आणि वाढण्याची पाळी सर्वांची, पुरुषांचीही.

म्हणून माउली, ‘पालखी’ वाचा, ‘वाटचाल’ वाचा. ती चांगली पुस्तके आहेत. मात्र वाचताना शेजारी एक कोरी वही ठेवा. कर्वे यांचा पंगतीचा प्रश्न तिच्या पहिल्या पानावर लिहा आणि दुसऱ्या पानापासून मुक्कामांची नावे. निघण्यापूर्वी मंडळींना एकत्र बसवून पहिले पान मोठ्याने वाचा. त्यावर सर्वांचे एकमत झाले की मग दुसरे पान उघडा.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.