रॉक बॉटम
रॉक बॉटम : इंग्रज रॉक-संगीतकार रॉबर्ट वायट (जन्म २८ जानेवारी १९४५) याची सहा गीतरचनांची ध्वनिमुद्रिका. व्हर्जिन रेकॉर्ड्स या संस्थेने ती २६ जुलै १९७४ रोजी प्रसिद्ध केली. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचा तालवादक निक मेसन हा तिचा निर्माता होय. शीर्षकातील इंग्रजी शब्दप्रयोगाचे दोन अर्थ येथे एकत्र आले आहेत : दुःस्थितीची परिसीमा व समुद्राचा खडकाळ तळ.

वायट हा मूळचा तालवादक व गायक. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सॉफ्ट मशीन या वाद्यवृंदाचा तो एक संस्थापक होता. १९७१ मध्ये त्यातून बाहेर पडून त्याने मॅचिंग मोल हा स्वतःचा वाद्यवृंद काढला. १ जून १९७३ रोजी लंडनमधील एका मेजवानीत मद्याच्या अंमलाखाली तो वरच्या मजल्याच्या खिडकीतून पडला. पाठीच्या कण्यास इजा होऊन त्याचा कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात त्याला अनेक महिने काढावे लागले.

या अपघातामुळे प्रस्तुत ध्वनिमुद्रिका म्हणजे एका आपत्तीचा आक्रोश होय, असा समज रूढ झाला. कालक्रम मात्र त्याला पुष्टी देत नाही. यातील बऱ्याच रचनांचा आरंभ १९७३ च्या प्रारंभी व्हेनिस येथे झाला होता. वायटची सहचरी ॲल्फ्रेडा बेंज ही तेथे एका चित्रपटाच्या कामात गुंतलेली असताना तो लहानशा कळफलक-वाद्यावर स्वररचना जुळवीत असे. समुद्राच्या प्रतिमा व स्त्रीविषयी वाटणारे गूढ आकर्षण हे विषय, म्हणजेच, अपघातापूर्वीचे आहेत. तेव्हा अपघाताने यात कशाची भर घातली, हाच समीक्षेपुढील खरा प्रश्न ठरतो.

त्याचे उत्तर आशयापेक्षा संगीताच्या बांधणीत सापडते. पाय निकामी झाल्याने पायांनी वाजवावयाचे ढोल व झांजा असलेला पूर्ण ड्रमसंच वायटला वर्ज्य झाला. सहांपैकी केवळ दोन रचनांत लॉरी ॲलन याचे ड्रमवादन आहे; अन्यत्र वायटने हाताने वाजविलेली लहान तालवाद्ये, तबक, काचेचा पेला यांसारख्या वस्तूंवर काम भागविले आहे. रॉक-संगीताचा ठोक ताल मागे हटल्याने कळफलकाचे प्रदीर्घ स्वर पुढे येतात आणि लय भरती-ओहोटीप्रमाणे हेलकावत राहते. ‘ॲलिफिब’ या रचनेत तर श्वासासारखा पुनरावृत्त होणारा कंठस्वरच तालाची जागा घेतो. कायमचा वाद्यवृंद नसल्याने प्रत्येक रचनेसाठी वेगळे वादक निवडणे शक्य झाले. वर्णभेदी राजवटीचा देश सोडून आलेला दक्षिण आफ्रिकी वादक मोंगेझी फेझा याच्या ट्रंपेटचे एकावर एक रचलेले थर हे या निवडीचे उत्तम फलित होय.

वायटचा आवाज उंच, कातर आणि अमेरिकी उच्चारांच्या अनुकरणापासून मुक्त आहे. करुणरसाची अपेक्षा निर्माण होताच तो बडबडगीताकडे वळतो. एडवर्ड लिअर व लूइस कॅरल यांच्या असंबद्ध-काव्याशी या शब्दकळेचे नाते स्पष्ट आहे. ‘ॲलिफिब’ व ‘ॲलिफ’ या जोडरचनांत प्रेयसीला उद्देशून केलेली बालिश आळवणी अखेरीस तिच्याच आवाजातील मिस्कील प्रत्युत्तराने अडविली जाते. त्यामुळे परावलंबी झालेल्या पुरुषाची स्वानुकंपा टळते व जिच्यावर तो विसंबला, तिलाही स्वतःचे म्हणणे मांडता येते.

समारोपाच्या रचनेत माइक ओल्डफील्ड याच्या गिटारने गाठलेला उत्कर्ष आयव्हर कटलर याच्या तऱ्हेवाईक पठणात विरतो. भावोत्कटतेची सांगता अशा विनोदाने करणे काही श्रोत्यांना रसभंगकारक वाटेल. काही ठिकाणी शब्दांची दुर्बोधता आशयाला झाकूनही टाकते. तथापि दुःखाचे प्रदर्शन न मांडता त्यातून संगीताची नवी घडण उभी करणे, ही या कृतीची टिकाऊ सिद्धी होय. फ्रान्सच्या शार्ल क्रो अकादमीने तिला पारितोषिक दिले. तिच्या प्रकाशनाच्याच दिवशी वायट व बेंज विवाहबद्ध झाले; मुखपृष्ठावरील समुद्रकिनाऱ्याचे रेखाटनही बेंजचेच आहे.