घरगुती स्पीडस्टर मोटारींची जुनी छायाचित्रे : मालक आणि कर्ता

फोर्ड कंपनीने इ.स. १९०८ ते १९२७ या काळात 'मॉडेल टी' या मोटारीच्या सुमारे दीड कोटी गाड्या तयार केल्या. यांतील कित्येक गाड्या जुन्या झाल्यावर अमेरिकेतील तरुणांनी स्वस्तात घेतल्या. त्यांचे मडगार्ड, दारे, टप व मागची आसने काढून टाकली, सांगाडा जमिनीच्या जवळ आणला आणि दोन बैठकींची हलकी, वेगवान मोटार घरच्या घरी उभी केली. अशा मोटारीस स्पीडस्टर म्हणतात. तिच्या छायाचित्रांची मांडणी बहुधा ठरलेली असते : मोटार कॅमेऱ्यासमोर आडवी उभी, मालक सुकाणूमागे बसलेला किंवा चाकावर पाय ठेवून उभा, आणि मागे एखादे कोठार. वेगासाठी घडविलेले वाहन या चित्रांत थांबलेले आहे. चाकांचे आरे मोजता येतील इतके स्पष्ट असतात.

या छायाचित्रांचा काळ ठरविण्याची रूढ रीत सुट्या भागांवर आधारलेली आहे. पितळी रेडिएटर दिसला की मोटार १९१७ च्या मॉडेलपूर्वीची मानली जाते, कारण त्या वर्षापासून काळ्या रंगाचे आवरण आले. कारखान्यातून निघालेल्या अखंड मोटारीस हा निकष लागू पडतो. स्पीडस्टरच्या बाबतीत तो फसवा ठरतो. मोडीतून मिळेल तो भाग जोडणे हाच या बांधणीचा स्वभाव असल्याने पितळी रेडिएटर केवळ स्वतःचे वय सांगतो, मोटारीचे नव्हे. किंबहुना चित्रातील सर्वांत नवा भाग शोधावा. चित्र त्या भागाच्या आधीचे असू शकत नाही, एवढे तरी निश्चित होते. वर्ष छापलेली क्रमांकपट्टी दिसल्यास काम बरेच सोपे होते.

तपशिलाची किंमत किती असते याचे उदाहरण फ्रेंच छायाचित्रकार झाक-आंरी लार्तिग यांच्या प्रसिद्ध चित्रात सापडते. शर्यतीच्या मोटारीचे मागचे चाक त्यात लंबगोल होऊन पुढे झुकलेले दिसते. कॅमेऱ्याच्या पडद्यातील फट सरकत असताना मोटारही सरकत होती, म्हणून हा आकार आला. हे चित्र दीर्घकाळ १९१२ चे म्हणून छापले गेले. पुढील अभ्यासात ते १९१३ चे ठरले. इतक्या गाजलेल्या चित्राची तळटीप चुकू शकते, तर घरगुती अल्बममधील पेन्सिलीच्या नोंदीवर किती विसंबावे?

मात्र काळापेक्षा 'मालक' हा शब्द अधिक तपासण्याजोगा आहे. स्पीडस्टरच्या चित्रातील तरुण 'हे मी केले' असे आपल्या उभे राहण्यातूनच सांगतो, आणि पाहणारा ते मान्य करतो. परंतु तयार स्पीडस्टर सांगाडे त्या काळी टपालाने मागविता येत. शेव्हरोले बंधूंचे 'फ्रंटेनॅक' सिलिंडर हेड इंजिनाची ताकद वाढविण्यासाठी विकत मिळत असे. म्हणजे 'घरी बांधलेली' या विशेषणात कोणाकोणाचे हात दडलेले आहेत, हे चित्र सांगत नाही. छायाचित्रात मालकी दिसते. कर्तृत्व गृहीत धरले जाते.

महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांच्या 'मीरा' मोटारीचे आहे. तिचा पहिला नमुना १९४९ मध्ये झाला आणि सुधारित नमुने १९७० च्या दशकापर्यंत होत राहिले. कारखान्यातील उत्पादन मात्र कधीच सुरू झाले नाही. मीरा ही सामान्य कुटुंबास परवडावी म्हणून योजलेली छोटी मोटार होती. तिला स्पीडस्टरच्या पंक्तीत बसविणे हा अतिउत्साह होईल. तरी तिच्या छायाचित्रांत मालक आणि कर्ता ही एकच व्यक्ती आहे, आणि त्यामुळेच मोटारीबरोबर नावही टिकले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात घरी घडविलेले वेगाचे वाहन शोधायचे तर मोटारीकडून शंकरपटाकडे वळावे लागते. पटाची छकडी आणि स्पीडस्टर यांच्या घडणीमागील विचार एकच आहे : नको ते सारे काढून टाकणे. ओझ्याच्या बंडीला लागणारी साटी, बाजू, रुंदी येथे गळते. उरतात दोन चाके, आस, धुरा, जू आणि धुरकऱ्यापुरती टेकण्याची जागा. छायाचित्रात मात्र छकडी क्वचितच नीट दिसते. समोर सजविलेली बैलजोडी असते, कासरा धरून फेटा बांधलेला मालक असतो. वाहन बैलांच्या मागे झाकले जाते, आणि ते घडविणारा सुतार चौकटीत नसतोच. स्पीडस्टरच्या चित्रात कर्तृत्वाचा दावा अतिशयोक्त असेल. येथे तो दावा करण्याची संधीच सुताराला मिळालेली नाही.

येथे काळनिश्चितीचीही वेगळी अडचण आहे, कारण छकडीला क्रमांकपट्टी नसते. तळटिपा तर अनेकदा मागाहून लिहिल्या जातात. 'गडचिरोली जिल्हा, १९५५' अशी नोंद आढळल्यास ती त्या वर्षाची असूच शकत नाही. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला, आणि १९५५ मध्ये तो भाग मध्य प्रदेश राज्यातील चांदा जिल्ह्यात होता. नोंद उत्तरकालीन म्हणून चित्र खोटे ठरत नाही. पण नोंद करणाऱ्याने मालकाचे नाव आठवणीतून लिहिले, ही शक्यता लक्षात घ्यावी लागते.

लाकूड हा त्यातल्या त्यात बोलका पुरावा होय. आसासाठी धावड्याचे चिवट लाकूड वापरले जाई. शेतीच्या अवजारांसाठी गावकऱ्यांना लाकूड मिळे ते निस्तार हक्काच्या चौकटीत, तर उत्तम साग शासनाच्या राखीव वनात असे. त्यामुळे छकडीचा हलकेपणा सर्वस्वी वेगाच्या हव्यासातून आला की हाती येणाऱ्या लाकडाच्या मर्यादेतूनही, हा प्रश्न केवळ चित्र पाहून सुटणारा नाही. त्यासाठी सुताराला विचारावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये ती घटनापीठाने कायम केली. बंदीपूर्वी छकड्या घडविणारे कारागीर गावोगावी आहेत तोवर जुन्या छायाचित्रांच्या नोंदवहीत 'मालक' या रकान्याशेजारी 'सुतार' हा रकाना आखून तो भरता येईल.