पाऊस वाढला, म्हणून पूर वाढले?

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग अधूनमधून येतो. बुलडाणा जिल्ह्यातील अशाच एका प्रदर्शनात पुरावरचे तीन तक्ते होते. तिन्हींवर कारणे तीच आणि त्याच क्रमाने: तापमानवाढ, ढगफुटी, वृक्षतोड. एका मुलीला विचारले, "यांतले तुमच्या गावच्या नदीला कोणते लागू पडते?" ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "सर, सगळीच." माझी तक्रार तिच्याविषयी नाही. आपण पाठांतून, वर्तमानपत्रांतून आणि (आम्ही शास्त्रज्ञ मंडळी) व्याख्यानांतून जे स्पष्टीकरण तयार स्वरूपात तिच्या हाती देतो, त्याविषयी आहे.

२२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला जोरदार पाऊस झाला. नद्यानाल्यांना पूर आले, शेते खरडून गेली. तेव्हापासून 'ढगफुटी' हा शब्द घराघरांत पोचला. हवामानशास्त्रात ढगफुटी म्हणजे लहानशा क्षेत्रावर एका तासात सुमारे १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस. महसूल खात्याची 'अतिवृष्टी' वेगळी. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की ती झाली. चोवीस तासांचा एकच आकडा पाहून तो पाऊस तासाभरात पडला की रात्रभरात, हे कळत नाही. ओढ्याच्या दृष्टीने मात्र सगळा फरक तिथेच आहे.

आता तापमानवाढ. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर पडणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले. म्हणजे तक्त्यावरचे पहिले कारण हवेतले नाही. पण पाऊस म्हणजे पूर नव्हे, आणि आपले स्पष्टीकरण इथेच एक पायरी गाळते.

फळ्यावर हे गणित करून पाहा. १०० मिलिमीटर पाऊस पडला. त्यातला ६० जमिनीने शोषला, ४० वाहिला. आता पाऊस १० टक्क्यांनी वाढून ११० झाला आणि जमीन तीच राहिली, तर ५० वाहील. पाऊस १० टक्के वाढला, वाहणारे पाणी २५ टक्के! पण तापलेल्या हवेने जमीन आधीच अधिक कोरडी करून ठेवली असेल आणि ती ७५ शोषणार असेल, तर ११० मधले ३५ च वाहतील. पाऊस वाढला आणि पूर घटला. ही केवळ कागदावरची करामत नाही. तीव्र पाऊस वाढत असताना पूर सगळीकडे का वाढलेले दिसत नाहीत, हाच प्रश्न शर्मा, वास्को आणि लेटनमायर यांनी २०१८ मध्ये एका लेखाच्या शीर्षकातच विचारला होता. युरोपातील १९६० ते २०१० च्या नोंदी तपासल्या तेव्हा वायव्येकडे पूर दर दशकाला ११ टक्क्यांपर्यंत वाढलेले आढळले, तर दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे काही ठिकाणी २३ टक्क्यांपर्यंत घटलेले. एकाच तापमानवाढीचे हे दोन परिणाम.

आपल्याकडची काळी जमीन या बाबतीत फार शिकवण्यासारखी आहे. जूनमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात; पहिला जोरदार पाऊस त्या गिळून टाकतात. ऑगस्टपर्यंत माती फुगते, भेगा मिटतात, आणि तेवढाच पाऊस जवळजवळ पुरता ओढ्यात उतरतो. डोंगराच्या लगतचा दगडगोट्यांचा पट्टा पाणी भराभर मुरवतो, खालचा खारपाणपट्टा तसा नाही. म्हणून शेगावचा पाऊस आणि जळगाव जामोदचा पाऊस यांची मिलिमीटरमधली तुलना पुराविषयी फारसे सांगत नाही. शिवाय जिल्हाच पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे: नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा, मन यांचे पाणी पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला, तर पैनगंगेचे गोदावरीतून बंगालच्या उपसागराला.

लहान ओढा आणि मोठी नदी हाही भेद आपण विसरतो. ३० चौरस किलोमीटरच्या ओढ्यावर तासात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३० लाख घनमीटर पाणी झाले. त्यातले निम्मे दोन तासांत वाहून गेले, तर सेकंदाला दोनशे घनमीटरहून अधिक प्रवाह! ओढ्याकाठच्या गावाची धूळधाण होईल. पण येरळीच्या पुलाखालून जाणाऱ्या पूर्णेला त्याचे विशेष काही वाटणार नाही. तिचे खोरे सुमारे १९ हजार चौरस किलोमीटरचे आहे. तिला पूर येण्यासाठी अकोला-अमरावतीकडे दिवसेंदिवस झड लागावी लागते.

आणि नाला खोलीकरण? त्याने पूर थांबले असे एक पक्ष म्हणतो, त्यानेच आले असे दुसरा. दोघांनी गणित केलेले नसते. एक किलोमीटर लांब, दहा मीटर रुंद नाला दोन मीटरने खोल केला, तर २० हजार घनमीटर जागा झाली. वरच्या १५ लाखांपुढे दीड टक्कासुद्धा नाही, आणि तीही पहिल्या पावसात भरलेली असते. विहिरींना त्याचा उपयोग आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सरळ, गुळगुळीत केलेले पात्र पाणी लवकर खाली पोचवते, आणि खालच्या गावाच्या फरशी पुलाच्या मोऱ्या मात्र जुन्याच मापाच्या राहतात. मोरी काट्याकुट्यांनी तुंबली की रस्ता स्वतःच बांध होतो. अशा पुराला आकाशातले कारण पुरत नाही. आणि काठावर घरे वाढली की तेवढाच पूर अधिक नुकसान करतो. वर्तमानपत्रे नुकसान मोजतात आणि आपण त्यालाच पूर वाढल्याची नोंद समजतो.

वृक्षतोडीबद्दल थोडक्यात: झाडोरा लहानसहान पूर नक्की अडवतो, पण जमीन संपृक्त झाल्यावर येणाऱ्या फार मोठ्या पुरावर त्याचा प्रभाव कमी पडतो. तक्त्यावर हे लिहायला जागा नसते, ठीक आहे; शिक्षकाने निदान तोंडी सांगावे.

त्या मुलीच्या शाळेतील विज्ञान शिक्षकांशी नंतर बोलणे झाले. त्यांनी गावच्या पुलाच्या खांबावर ऑइलपेंटने दर २५ सेंटिमीटरला रेघा ओढल्या आहेत. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे. पावसाच्या दिवशी मुले दर तासाला नोंद करतात, रेघही पाहतात आणि जमिनीत भेगा आहेत की नाहीत हेही वहीत लिहितात. एका आजोबांनी जुन्या पुराची देवळाच्या पायरीवरची खूण दाखवली. ती आतापर्यंतच्या सगळ्या रेघांहून वर निघाली. वर्ष त्यांना आठवेना. मुले आता ते घरोघर विचारत आहेत.