'डेथ' ऐकताना

डेट्रॉईटच्या 'डेथ' या बँडची गोष्ट इतकी चांगली आहे की गाणी नीट ऐकायची राहून जातात. तीन कृष्णवर्णीय भाऊ, हॅकनी आडनावाचे. १९७५ साली त्यांनी सात गाणी रेकॉर्ड केली. क्लाइव्ह डेव्हिसला गाणी आवडली, बँडचं नाव नको होतं. गिटार वाजवणाऱ्या डेव्हिडनं नाव बदललं नाही. पाचशे प्रतींची एक सिंगल निघाली आणि विषय संपला. डेव्हिड २००० साली कॅन्सरनं गेला. ती सात गाणी ड्रॅग सिटीनं २००९ मध्ये काढली.

तेव्हापासून 'रमोन्सच्या आधीचे पंक' ही पाटी त्यांच्या गळ्यात आहे. मीही त्या पाटीमुळेच तिथवर पोचलो, पण आता ती मला खुपते. तारखा लावून क्रम ठरवणं आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना फार आवडतं, पण त्यानं ऐकणं होत नाही. 'पॉलिटिशियन्स इन माय आइज'मध्ये बॉबीचा बास गिटारीमागे लपत नाही, तिच्याशी शर्यत लावतो. पाटी इथं शोभते. पण 'लेट द वर्ल्ड टर्न'? जवळपास सहा मिनिटं, मध्ये तरंगणारा संथ भाग, वर ड्रम सोलो. पंकला नेमकं जे नको होतं, तेच. या पोरांना पंकची पायवाट पाडायची नव्हती, द हू सारखं मोठं व्हायचं होतं. पाटीसाठी हे गाणं अडचणीचं आहे. मी सगळ्यात जास्त वेळा तेच लावतो.