किल्ल्यात मागे राहिलेला मुलगा

‘किल्ला’ मी पाहिला तो घरी, टीव्हीवर, पुढ्यात मेथी निवडायला घेऊन. मेथी तशीच राहिली.

अविनाश अरुण यांचा हा चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. त्याआधी बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक-मंडळानं त्याला बक्षीस दिलं होतं, हे मला फार बोलकं वाटतं. अकरा वर्षांच्या चिन्मयचे वडील वारलेत. आईची सरकारी नोकरीत बदली होते आणि दोघं पुण्याहून कोकणातल्या एका गावात येतात. नवी शाळा, नवे मित्र, त्यात बंड्या नावाचं एक महाखट्याळ पोर. वडिलांबद्दल मात्र घरात फारसं कुणी बोलत नाही. आई मुलापासून लपवते, मुलगा आईपासून. मुलासमोर रडायचं नाही म्हणून न्हाणीघरात नळ सोडून रडणाऱ्या आपल्यात काय कमी आहेत!

चित्रपटाचा जीव एका प्रसंगात आहे. मुलं किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो आणि चिन्मय मागे राहतो. ओल्या काळ्या भिंतींमधून तो हाका मारत फिरतो. मित्र निघून गेलेले. त्यांच्या लेखी त्यात काही विशेष नाही. पण ह्याला सोडून आधीच एक माणूस गेलंय. नंतर तो मित्रांशी बोलणंच टाकतो. मोठी माणसं म्हणतील, एवढंसं तर झालं! मुलाचं दुःख असंच भलत्या जागी फुटतं.

तक्रारही आहे. कॅमेरा पावसाच्या आणि समुद्राच्या इतका प्रेमात पडलाय की काही ठिकाणी दुःखसुद्धा देखणं होतं. आईचं ऑफिसातलं प्रकरण मात्र काहींना लांबलेलं वाटलं, मला नाही. फसलेली, एकटी पडलेली बाई घरी येऊन मुलाला काय धीर देणार?

माझा भाऊ गेला तेव्हा भाचा तेरा वर्षांचा होता. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, “आता तूच घरातला कर्ता.” मीही म्हटलं. संध्याकाळी आम्ही बारा भावना वाचायचो. एकत्व भावनेत जीव एकटा येतो, एकटा जातो, आपलं कर्म एकट्यानं भोगतो, असं चिंतन आहे. माझ्या वयाला त्याचा आधार होतो. भाच्यानं हळूच विचारलं, “आत्या, म्हणजे पप्पा आता एकटेच असतील?”

मी म्हटलं, “असलं विचारू नये, बाळा.” आणि पुढची भावना वाचायला घेतली.

त्यात भावनेचा दोष नाही. वैराग्यासाठी लिहिलेलं आम्ही कोवळ्या पोराच्या पदरात सांत्वन म्हणून टाकलं. त्याला त्या वेळी कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं, पप्पांची स्कूटर, त्यांचं ओरडणं, काहीही बोलायला. पुढे कितीतरी वर्षं तो माझ्याकडे आला की नुसता जेवून जायचा.

गेल्या दिवाळीत त्याला हा चित्रपट लावून दिला. किल्ल्याच्या प्रसंगाला तो उठून गॅलरीत गेला. ह्या वेळी मी मागोमाग गेले. बराच वेळ आम्ही दोघं खालच्या रस्त्याकडे बघत उभे होतो. मग तो म्हणाला, “आत्या, पप्पा लहानपणी कसे होते गं?”